सेलफिश ओएसवर धावण्याची नोंद: खाते न काढता चालेल असे ॲप?

प्रश्न (सायंफेरी):
सोनी एक्सपीरिया फोनवर अँड्रॉइडऐवजी सेलफिश ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, परवाना घेतलेला, म्हणजे अँड्रॉइड ॲप्सही चालतात. मार्ग, वेग आणि ब्लूटूथ छातीपट्ट्यावरचे हृदयाचे ठोके हवेत. डेटा फोनबाहेर जायला नको. ओपनट्रॅक्स हे अँड्रॉइड ॲप टाकू का?

खडीवाट:
ओपनट्रॅक्स इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे गोपनीयतेत उत्तम. पण सेलफिशमधल्या अँड्रॉइड ॲप्सना ब्लूटूथ मिळत नाही, पट्टा दिसणारच नाही. ठोके हवेत तर सेलफिशसाठीचेच लाउफहेल्डन हे ॲप घ्या: पट्टा आधी सेटिंग्जमध्ये जोडा, मग ॲपमध्ये निवडा. नोंद जीपीएक्स फाइलमध्ये (मार्गाचे बिंदू साठवणारी फाइल) फोनवरच राहते. स्ट्राव्हा या व्यायामाच्या नोंदींच्या ऑनलाइन सेवेला पाठवायची सोय त्यात आहे, तिथे लॉगिन करू नका, झालं.

गच्चीवरचा:
जीपीएस आधी पकडू द्या, मग ‘सुरू’ दाबा. नेटची मदत नसेल तर प्रत्येक उपग्रहाची कक्षा-माहिती त्याच्याच सिग्नलमधून घ्यावी लागते. ती 30 सेकंदांनी पुन्हा येते आणि मध्येच सिग्नल तुटला की पुन्हा थांबणे आले. इमारतींच्या गल्लीत उभे राहू नका, नाहीतर पहिला अर्धा किलोमीटर नागमोडी दिसेल. आणि वरच्या कोपऱ्यातून बोट खाली ओढले की ॲप बंद होते! चालू ठेवून बाहेर यायचे तर बाजूने सरकवा.

खडीवाट:
फाइल कुणाला देणार असाल तर घराजवळचे सुरुवातीचे आणि शेवटचे बिंदू कापून द्या. जीपीएक्स साधा मजकूर असतो, कुठल्याही एडिटरमध्ये उघडतो.