जून महिन्यात भर दुपारची छायाचित्रे 'रात्र' ठरतात: गोंदियाच्या सूर्योदयाचे गणित कोठे चुकते आहे?

प्रश्न (पाणवठा)

नमस्कार. नवेगाव-नागझिरा भागातील कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेले की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) छायाचित्रांची दिवस, संधिप्रकाश आणि रात्र अशी वर्गवारी करण्यासाठी मी पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. छायाचित्रावरील तारीख आणि गोंदियाचे अक्षांश-रेखांश (२१.४६ उत्तर, ८०.२० पूर्व) देऊन मी त्या दिवसाचा सूर्योदय व सूर्यास्त एका तयार लायब्ररीकडून (इतरांनी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमसंचाकडून) मागवतो, आणि सूर्योदयापूर्वीचा व सूर्यास्तानंतरचा अर्धा तास संधिप्रकाश धरतो. हिवाळ्यातील सर्व छायाचित्रे व्यवस्थित लागली. मात्र मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत सगळा गोंधळ होतो. ५ जून रोजी सकाळी ११.४० वाजता पाणवठ्यावर उभ्या असलेल्या गव्याची सावली त्याच्या पोटाखाली गोळा झालेली स्पष्ट दिसते, तरीही प्रोग्रॅम त्या छायाचित्राला 'रात्र' म्हणतो. संध्याकाळचा संधिप्रकाश बरोबर येतो, सकाळचा मात्र एकही येत नाही. हाच प्रोग्रॅम मी बोरिवलीच्या छायाचित्रांवर चालवला, तेव्हा एकही चूक आढळली नाही. लायब्ररीचे गणित चुकते आहे, की माझे?

उत्तर १ (मध्यान्हरेषा)

आपण दिलेल्या तारखांमध्येच उत्तर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात गोंदियाला सूर्य सुमारे ५.२६ वाजता उगवतो. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे असल्याने ती वेळ यूटीसीनुसार आदल्या दिवशीची रात्रीची ११.५६ होते. आपली लायब्ररी यूटीसीच्या मध्यरात्रीपासून मिनिटे मोजत असावी. तिला उत्तर उणे ४ मिनिटे मिळते, ती त्यात १४४० (एका दिवसाची मिनिटे) मिळवून ते 'सरळ' करते आणि त्यावर ५ जून हीच तारीख लावते. ते आपण भारतीय वेळेत आणले की ५ तारखेचा सूर्योदय ६ जूनच्या पहाटे जाऊन पडतो, म्हणजे ५ तारखेच्या सूर्यास्ताच्याही नंतर. त्यामुळे ५ तारखेचा सारा दिवस 'सूर्योदयापूर्वीचा' ठरतो. मुंबईत सूर्योदय मेअखेरीससुद्धा ६ च्या आत येत नाही, म्हणून बोरिवलीत ही चूक झाकलेली राहिली. वर्षाकाठी सहा आठवडेच डोके वर काढणारी चूक सापडणे फार अवघड असते, त्यामुळे आपण ती इतक्या नेमकेपणाने मांडलीत याबद्दल आपले आभार.

दुरुस्तीसाठी त्या दिवसाचे स्थानिक मध्यान्ह आधी काढावे (भारतात ते यूटीसीच्या त्याच तारखेत येते), त्यातून सूर्याचा अर्धदिवस (सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंतचा काळ) वजा करावा आणि मिनिटे ऋण आली तर ती तशीच राहू द्यावीत. लायब्ररीत हात घालता येत नसेल, तर आदला, चालू आणि पुढचा अशा तिन्ही दिवसांचे सूर्योदय मागवून त्यांतील भारतीय तारीख जुळणारा घ्यावा.

उत्तर २ (झुंजूमुंजू)

वरील निदान योग्यच आहे, परंतु माझ्या मते या कामासाठी सूर्योदयाची वेळ काढण्याची मुळात गरजच नाही. छायाचित्र टिपले गेले त्या क्षणी सूर्य क्षितिजाच्या किती अंश वर किंवा खाली होता, हाच आपला खरा प्रश्न आहे. अक्षांश, सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) आणि होराकोन (मध्यान्हापासूनचा काळ कोनात) यांवरून हा उन्नतांश एका सूत्रात मिळतो, आणि तारखेचा घोळ तेथे उद्भवतच नाही, कारण दिलेला क्षण एकच असतो.

पुढे फक्त मर्यादा ठरवायच्या. उणे ०.८३ अंश हा प्रचलित सूर्योदय होय; त्यात वातावरणातील वक्रीभवनाच्या (प्रकाश वाकण्याच्या) ३४ कला (६० कला म्हणजे १ अंश) आणि सूर्यबिंबाच्या त्रिज्येच्या १६ कला येतात. नागरी संधिप्रकाश उणे ६ अंशांपर्यंत, नाविक उणे १२ पर्यंत आणि खगोलीय उणे १८ पर्यंत धरतात. ५ जूनला गोंदियात खगोलीय पहाट साधारण ४.०२ ला, नाविक ४.३२ ला आणि नागरी ५.०२ ला सुरू होते. वेळांवरच काम करायचे ठरवलेत, तर नागरी संधिप्रकाश धरताच हीच चूक एप्रिलच्या मध्यापासून दिसू लागेल, आणि खगोलीय पहाट तर तेथे जवळजवळ वर्षभर साडेपाचच्या आतच असते.

अर्धा तास ही ठरावीक पट्टी मला पटत नाही. जंगलात डोंगर आणि झाडोरा यांमुळे सूर्याचे बिंब उशिरा दिसते, पण आकाशातून झिरपणारा उजेड उन्नतांशाप्रमाणे बदलतो, आणि जनावर त्या उजेडाला प्रतिसाद देते, आपल्या घड्याळाला नव्हे. जानेवारी आणि जून या महिन्यांतील गोंदियाच्या सूर्योदयांत सुमारे १ तास २० मिनिटांचा फरक पडतो. 'पहाटे ६' हे एकाच नावाचे दोन वेगळे प्रहर आहेत.

उत्तर ३ (उत्तरायण)

मी स्टॉकहोममध्ये असे काम करतो, म्हणून एक पुस्ती जोडतो. येथे जूनच्या मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम ७ अंश जातो, त्यामुळे उणे १२ अंशांची वेळ काढताना व्यस्त कोसाइनला (कोसाइनवरून कोन काढणाऱ्या फलाला) उणे १ पेक्षा लहान संख्या मिळते, जिच्यासाठी कोनच नसतो, आणि गणना तेथेच कोलमडते. उन्नतांशाच्या पद्धतीत हा अडथळाही येत नाही. मात्र कॅमेऱ्याच्या वेळेच्या शिक्क्यात बहुधा कालविभाग नोंदलेला नसतो, तेव्हा ती वेळ भारतीय प्रमाणवेळ आहे हे प्रोग्रॅमला स्पष्टपणे सांगावे, अन्यथा साडेपाच तासांची चूक निमूटपणे शिरते.

प्रश्नकर्ता (पाणवठा)

सर्वांचे मनापासून आभार. वेळांचा भाग काढून टाकला आणि उन्नतांश घेतला. गव्याच्या छायाचित्रासाठी ८३ अंश आले. त्याच दिवशी पहाटे ५.२० ला टिपलेल्या चितळाच्या छायाचित्रासाठी सुमारे उणे २ अंश आले. कॅमेऱ्याने ते अजून काळ्या-पांढऱ्या इन्फ्रारेडमध्येच काढलेले आहे. झाडांच्या छत्राखालच्या प्रत्येक कॅमेऱ्यासाठी रंगीत छायाचित्रे कितव्या अंशाला सुरू होतात, याचा तक्ता आता करतो आहे.