जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावा की मेश संच घ्यावा?

पेठकर:
पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती असोत की बाणेर-बावधनच्या काँक्रीटच्या सदनिका, वायफायचे रडगाणे सारखेच आहे: राउटरच्या खोलीत वेग भरपूर आणि मागच्या खोलीत नावापुरता. दुकानात गेले की लगेच मेश संच, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय देणारी दोन-तीन यंत्रे, पुढे केला जातो. माझे मत असे की, मागच्या खोलीपर्यंत केबल नेता येत असेल, तर कपाटात पडून असलेला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे मुख्य राउटरचेच नेटवर्क वायफायवर पुढे देणारे यंत्र म्हणून, लावणे हाच पहिला उपाय मानावा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२ यासारखा, मुख्य राउटर इतर उपकरणांना देत नाही असा पत्ता द्यावा, त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते देण्याची सोय) बंद करावे आणि मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या वॅन (इंटरनेट आत येण्याच्या) नव्हे, तर लॅन (घरातली उपकरणे जोडण्याच्या) पोर्टात जोडावी. नेमके हे शेवटचेच पुष्कळांचे चुकते. केबल वॅनमध्ये गेली की दुहेरी नॅट (दोन्ही राउटरांकडून पत्त्यांची अदलाबदल) होऊन घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि मागच्या खोलीतल्या फोनला पुढचा प्रिंटर सापडेनासा होतो. (राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड तयार असेल, तर ही कसरत वाचते.)

औंधकर:
मी असहमत आहे. स्वस्त जुन्या राउटरचे पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचे असतात. ३०० एमबीपीएसच्या जोडणीचे पैसे भरायचे आणि मागच्या खोलीत शंभराच्या आत अडकायचे, ही काटकसर मला समजत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे, ज्याचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे उत्पादकाने थांबवले आहे असे यंत्र आपण घरात पुन्हा चालू करतो. २०१७ साली वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षापद्धतीतला ‘क्रॅक’ (KRACK) हा दोष उघडकीस आला, हे विसरून चालणार नाही.

पेठकर:
पोर्टाचा मुद्दा मान्य आहे. मात्र फोर-के चित्रपटाला साधारण २५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे केबलवरून स्थिर मिळणारे शंभर अनेक घरांना पुरेसे आहेत. क्रॅकचे उदाहरण मात्र येथे फारसे लागू पडत नाही, कारण तो दोष मुख्यतः फोन आणि लॅपटॉपच्या बाजूचा होता. शिवाय ॲक्सेस पॉइंट झालेला राउटर मुख्य राउटरच्या फायरवॉलमागे असतो. त्याचे डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करावे आणि प्रशासकाचा पासवर्ड बदलावा, हे ओघाने आलेच.

कोथरूडचा भाडेकरू:
आपण दोघेही केबल गृहीत धरून बोलत आहात. भाड्याच्या घरात घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत आणि दारांखालून नेलेली केबल चार दिवसांत चिरडते. अशा वेळी जुना राउटर बिनतारी रिपीटर (आलेला सिग्नल पुढे पाठवणारे यंत्र) म्हणून लावला, तर तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. आपसातील संवादासाठी वेगळा रेडिओ असलेला मेश संच आमच्यासारख्यांना म्हणूनच सोयीचा पडतो. अट एवढीच की दुसरे यंत्र वेग न पोहोचणाऱ्या खोलीत न ठेवता वाटेत मध्यावर ठेवावे, कारण ते स्वतःच चांगल्या सिग्नलच्या टप्प्यात नसेल, तर पुढे काय देणार?

औंधकर:
फिरतानाच्या जोडणीचेही पाहा. दोन्ही यंत्रांना एकच नाव आणि पासवर्ड दिला, तरी जिन्यावरून वर जाताना फोन खालच्या क्षीण सिग्नलला चिकटून राहतो आणि चालू कॉल तुटतो. मेशमध्ये ८०२.११के आणि ८०२.११व्ही या वायफाय मानकांच्या आधारे फोनला जवळचे यंत्र सुचवले जाते.

पेठकर:
सुचवले जाते, पण निर्णय अखेर फोनच घेतो. २.४ गिगाहर्ट्झवर दोन्ही यंत्रांना १, ६ आणि ११ यांपैकी वेगवेगळे चॅनल द्यावे आणि त्यांची प्रक्षेपणशक्ती थोडी कमी करावी. त्याने हा चिकटपणा बराच आटोक्यात येतो. खर्चाचा हिशेब करताना पुण्यात देखभालीसाठी होणाऱ्या गुरुवारच्या वीजबंदीचाही विचार व्हावा, कारण आता मुख्य राउटरबरोबर दुसऱ्या यंत्रालाही बॅकअप हवा, मग ते मेशचे असो वा जुने. छोटा डीसी यूपीएस घेणार असाल, तर आधी ॲडॉप्टर पाहा: त्यावर ९ व्होल्ट छापलेले असल्यास १२ व्होल्टचा यूपीएस त्या राउटरला जोडू नका.