काळा बोका आणि जांभळा रंग

तुम्ही विचारलंय की भावाच्या काळ्या बोक्याचं रंगीबेरंगी चित्र त्याला भेट द्यायचंय, पण काळ्यात रंग आणायचे कुठून? अहो, काळी ट्यूब उघडूच नका! वहिनीच्या काळ्या कुत्रीचं चित्र केलं तेव्हा मी अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) हे अॅक्रिलिक रंग मिसळून गडद छटा केली. उजेड पडतो तिथे जांभळा, फिरोजी आणि कानाच्या कडेला थेट नारिंगी. रंग कुठलाही चालतो, गडद-फिकटपणा तेवढा जागच्या जागी हवा. जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्कने १९११ मध्ये निळे घोडे रंगवले, ते घोडेच वाटतात ना? चित्राचा मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करून बघा. बोका ओळखू आला तर जमलं.

ज्यावरून काढणार तो फोटो मात्र फ्लॅशचा नको, डोळे चमकतात. खिडकीजवळ, बोक्याच्या नजरेच्या उंचीवरून काढलेला हवा. (भावाला संशय येऊ न देता तो कसा मिळवायचा, ते तुम्ही बघा. मी वहिनीकडे ‘सहजच’ मागितले, तर तिने चाळीसेक पाठवले. सगळ्यांत कुत्री झोपलेली!)

अॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद दिसतं, हे धरून चाला. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तर ते पॅलेटवरच वाळतं, म्हणून मी पॅलेटवर ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवते. डोळ्यातला पांढरा ठिपका अगदी शेवटी. आकार ८ बाय १० इंच पुरे. वहिनीच्या सदाशिव पेठेतल्या घरात त्याहून मोठं लावायला भिंतच नव्हती.