वस्तीवर बिबट्याचा वावर आहे. सहा वर्षांच्या मुलाला बहिणीकडे ठेवावे का?

मळ्यातली_आई

आमची वस्ती आंबेगाव तालुक्यात, घोड नदीपासून थोड्या अंतरावर आहे. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस असून मागचा दोन एकर आडसाली आहे, म्हणजे तो तुटायला अजून तीन-चार महिने तरी जातील. पंधरवड्यापूर्वी शेजारच्या वस्तीवरचे कुत्रे बिबट्याने नेले आणि परवा पहाटे गोठ्यामागच्या ओल्या चारीत त्याचे ठसे मी स्वतः पाहिले. मुलाची शाळा दीड किलोमीटरवर आहे आणि निम्मा रस्ता दोन्हीकडच्या उसांमधून जातो.

आठवड्याआड शेतीची वीज रात्री येते. त्या रात्री मुलाचे वडील मोटार चालू करायला विहिरीवर जातात, तेव्हा मी घरातून त्यांच्याशी फोनवर मोठ्याने बोलत राहते आणि ते परत ओट्यावर पाय ठेवीपर्यंत फोन बंद करत नाही. सासूबाई नातवाच्या करगोट्याला आपल्या पदराची गाठ मारून लसूण निवडत बसतात. काल त्यांना बसल्या जागी डुलकी लागली, तर इतर वेळी एका जागी न टिकणारा हा मुलगा गाठ न सोडवता त्या जाग्या होईपर्यंत अर्धा तास तसाच बसून राहिला. ते पाहून मला भरून आले आणि त्याहून जास्त धास्ती वाटली, कारण ही भीती आता त्याच्यापर्यंत पोहोचली आहे.

भोसरीला राहणारी माझी बहीण म्हणते की ऊस तुटेपर्यंत त्याला तिच्याकडे पाठवावे, पण सासूबाई हा विषय काढला तरी जेवत नाहीत. या भागात राहणाऱ्यांनी आपापल्या घरी काय केले, ते कृपया सांगावे.

शिरूरचा_शेतकरी

ताई, आमचे गाव पिंपरखेडपासून लांब नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या परिसरात काही आठवड्यांत दोन लहान मुले आणि एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यात गेली, त्यानंतर बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. बाहेरच्या लोकांना ती छायाचित्रे विचित्र वाटली असतील. बिबट्या मागून येऊन मान धरतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यात विचित्र काही दिसत नाही. माझ्या आईसाठी मी स्वतः जुन्या चामडी पट्ट्याला खिळे ठोकून तसा पट्टा केला आणि आतून मऊ कापड शिवले. तिने तो पूर्ण हंगामभर खुरपताना घातला. मान वळवता येत नसे, पण ती एकदाही कुरकुरली नाही, कारण तिने घातला नाही तर मी कामाला जाणार नाही, हे तिला माहीत होते.

पट्ट्यापेक्षाही जास्त उपयोग मात्र दुसऱ्या गोष्टीचा झाला. घरालगतचे सहा गुंठे आम्ही उसातून कायमचे काढले आणि तिथे कांदा व मेथी करतो. ओट्यावरून चाळीस-पन्नास पावले नजर मोकळी जाते. पैशाचा तोटा होतो, तो आम्ही मान्य केला आहे.

निवृत्त_वनरक्षक

मी जुन्नर वनविभागात बरीच वर्षे नोकरी केली. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके त्यात येतात. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि वर्ष-दीड वर्ष उभे राहणारे ते पीक बिबट्याला जंगलासारखेच झाले. आजच्या बिबट्यांपैकी कितीतरी जण उसातच जन्मलेले आहेत, त्यामुळे त्यांना हाकलून पाठवायचे असे दुसरे घर त्यांना नाही.

पिंजरा लावण्याची मागणी प्रत्येक आईबाप करतात आणि मी कधीही त्यांना दोष दिला नाही. माणसावर हल्ला करणारे जनावर पकडलेच पाहिजे. परंतु केवळ दिसलेला बिबट्या उचलून दूर सोडल्याने वस्ती सुरक्षित होत नाही, कारण मोकळ्या जागेत दुसरा, बहुधा तरुण आणि त्या भागाला नवखा, येऊन राहतो. सोडलेला सोडल्या जागी राहील, याचीही खात्री नसते. 2009 साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला होता. तो सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला.

मुलाच्या बाबतीत मुख्य धोका त्याच्या उंचीचा आहे. लहान मूल किंवा खाली वाकलेले, बसलेले माणूस बिबट्याला नेहमीच्या भक्ष्याएवढे दिसते. म्हणून तिन्हीसांजेनंतर आणि उजाडण्यापूर्वी त्याला एकट्याने अंगणात, विशेषतः शौचाला, जाऊ देऊ नये. वाटेने चालताना मूल मागे राहू न देता पुढे ठेवावे आणि बोलत चालावे. गोठ्याला चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी हवी. खरकटे घराजवळ टाकू नये, कारण त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ठसे दिसल्याचे वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

अजून एक विनंती आहे. तोडणीच्या वेळी पिल्ले सापडली तर कोणी हात लावू नये, तोड थांबवावी आणि वनविभागाला बोलवावे. वनकर्मचारी ती खोक्यात घालून सापडल्या जागीच ठेवतात आणि माणसे लांब जातात. अंधार पडल्यावर मादी येते, बराच वेळ उसाच्या कडेला थांबून कानोसा घेते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पिल्ले तिला मिळाली नाहीत, तर ती त्याच शिवारात चवताळून फिरते आणि त्याचा धोका तुमच्या मुलांनाच असतो.

ओतूरची_मावशी

पाठवा. मी माझ्या नातीला सात महिने नाशिकला ठेवले होते. घर रिकामे झाले, तिच्या आजोबांनी बोलणे टाकले, तरीही मी तिला आणले नाही. तुमच्या सासूबाईंचा राग उतरेल. मुलाला काही झाले, तर तुम्ही स्वतःला कधीच क्षमा करू शकणार नाही.

वस्तीशाळेचा_शिक्षक

मावशींच्या भावनेचा मी आदर करतो, मात्र प्रत्येक घराला भोसरी किंवा नाशिक उपलब्ध नसते आणि उरलेल्या मुलांची संख्या कमी झाली की रस्त्यावरचा घोळकाही लहान होतो. आमच्याकडे पाच वस्त्यांनी पाळ्या लावल्या. सकाळी मुले एका ओट्यावर जमतात, एक मोठे माणूस घुंगराची काठी घेऊन पुढे आणि एक मागे चालते. शाळा सुटण्याची वेळही ग्रामस्थांच्या विनंतीवरून आम्ही थंडीत अर्ध्या तासाने अलीकडे घेतली. पहिल्या आठवड्यात पालक कंटाळले होते, नंतर मात्र कोणाची पाळी चुकली नाही.

मळ्यातली_आई

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. मावशी, तुमचे शब्द रात्रभर मनात राहिले. ऊस तुटायच्या आत शिवारात पुन्हा काही घडले, तर मी कोणाचेही न ऐकता मुलाला भोसरीला पाठवीन, हे मी घरात स्पष्ट सांगितले आहे आणि सासूबाईंनी प्रथमच त्यावर मान हलवली. समोरचा चार गुंठे ऊस वैरणीसाठी आजच तोडायला घेतला. तिथे कांद्याची रोपे लावणार आहोत. गोठ्याला वरून जाळी नव्हती, ती उद्या येईल.

शेजारच्या चार घरांशी बोलले. सोमवारपासून सकाळी साडेनऊला पाच मुले आमच्या ओट्यावर जमतील. पहिली पाळी माझी आणि सासूबाईंची आहे. मागे कोणी चालायचे, यावरून आमचे अजून एकमत झालेले नाही, कारण दोघींनाही मागेच चालायचे आहे.