कारवी मरूनही टिकते, मग सिसिलीची अळंबी का संपतेय?

रानवेडा_बोरिवली:
२०१६ नंतर थेट २०२४ ला नॅशनल पार्कात कारवी फुलली, कान्हेरीकडचे उतार जांभळे झालेले. एकदा फुलून बी धरलं की झुडूप वाळून जातं, तरी तिची कोणाला चिंता नाही. आणि इटलीच्या सिसिली बेटावरची अळंबी प्लुरोटस नेब्रोडेन्सिस, आपल्या धिंगरीची बहीणच, दर वसंतात उगवते तरी आययूसीएनच्या (निसर्ग जपणारी जागतिक संस्था) यादीत अतिसंकटग्रस्त?? हे कसं काय?

पावसाळी_मावशी:
अरे बाळा, झाड किती जगतं हे बघूच नको, बी पडतं का ते बघ. कारवी सगळी एकदम फुलते, बोंडं पुढच्या उन्हाळ्यात तडतडत फुटतात, इतकं बी पडतं की खाणारे खाऊन खाऊन किती खाणार, पावसात खालून रोपं वर. अळंबी म्हणजे नुसतं फळ, बुरशीचे धागे जमिनीखाली असतात. छत्री पूर्ण उघडली की खालच्या पात्यांमधून बीजाणू, म्हणजे तिचं बीच, पडतात, आणि तिथले लोक ती कोवळी असतानाच खुडतात कारण भाव जबरदस्त मिळतो. २००६ ला यादीत घेतली तेव्हा अंदाज होता की वर्षाला २५० पेक्षा कमी अळंब्या पूर्ण वाढतात, सगळ्या सिसिलीतल्या मादोनी डोंगरातच.

सह्यभटक्या:
मावशी बरोबर, पण मला वाटतं तुलना कारवीशी नकोच. ही अळंबी ज्याच्या मुळांवर येते ते काक्रिस पण रानफूलच आहे, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं, पिवळ्या फुलांचे तुरे येतात. डोंगर तोच, चुनखडीचा दगड तोच, हवा तीच, आणि झाड भरपूर आहे! म्हणजे जागा गेली म्हणून अळंबी कमी झाली असं म्हणताच येत नाही, खुडणंच नडलं.

रानवेडा_बोरिवली:
ओके आता डोक्यात शिरलं. मग आपल्याकडे पावसात वारुळांवरच्या अळंब्या येतात बाजारात, त्या पण घ्यायच्या नाहीत का?

पावसाळी_मावशी:
घे की, आदिवासी बायकांची चार पैशांची कमाई असते ती. त्या बुरशीला वारुळात वाळवी स्वतः सांभाळते, तिचं गणित वेगळं. फक्त वारूळ खणायचं नाही आणि उघडलेल्या छत्र्या थोड्या तशाच सोडायच्या. सिसिलीत पण आता तीच अळंबी लागवडीतून काढतात म्हणजे डोंगरावरचा ताण कमी होईल, मला ते फार पटलं.