पनामाच्या झेंड्याखाली मारहाण, वर पगार थकलेला: विट्यातून काय करता येईल?

वकील_विटा
खानापूर तालुक्यातल्या (विटा, जि. सांगली) एका मुलाचं प्रकरण आहे. ऑर्डिनरी सीमन (खालच्या दर्जाचा खलाशी), बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणारं जहाज), झेंडा म्हणजे नोंदणी पनामाची. ओमानच्या किनाऱ्यापासून अंदाजे १५० सागरी मैलांवर डेकवर बाचाबाची झाली आणि बोसननं (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) चिपिंग हॅमर (गंज काढायचा हातोडा) हाणला. मनगट सुजलंय, एक्स-रे नाही. बोसन भारतीयच, दुसऱ्या राज्यातला. वर तीन महिन्यांचा पगार नाही. आठवड्याभरात जहाज मुंद्र्याला लागेल. एफआयआर विट्यात होईल का? पगारासाठी सांगली जिल्हा न्यायालयातून जहाज अडकवता येतं का? फौजदारी रोजचीच आहे, समुद्राचा कायदा मात्र आमच्या बारमध्ये कुणाच्या कपाटात नाही.

माणदेशी_७
१२ मैलांपुढे आपला कायदा संपतो. पनामाला तक्रार करा, दुसरा इलाज नाही.

कृष्णाकाठ
हे अर्धंच खरं आहे. १९८२ च्या समुद्र कायदा कराराच्या कलम ९२ नुसार खुल्या समुद्रात जहाजावर झेंड्याच्या देशाचाच अधिकार, हे बरोबर. ओमानचा २०० मैलांचा पट्टा मासळी, तेल वगैरेंपुरता. मारहाणीसाठी तिथं खुल्या समुद्राचाच नियम. पण म्हणून भारत आपल्या नागरिकावर मायदेशी खटला भरू शकत नाही, असं होत नाही. बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम १(५) परदेशात गुन्हा करणाऱ्या भारतीयाला लागू आहे, आणि बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम २०८ मध्ये 'खुल्या समुद्रात वा अन्यत्र' असे शब्दच आहेत.

वकीलसाहेब, २०८ जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १८८ शेजारी ठेवून वाचा. जुन्यात आरोपी भारतात जिथं सापडेल तिथं कारवाई. नव्यात 'किंवा जिथं गुन्हा नोंदवला जाईल' हे जोडलंय. म्हणजे बोसन विट्यात येईपर्यंत थांबायला नको. 'यलो गेटला (मुंबईचं बंदर पोलीस ठाणं) जा' असं उत्तर मिळालं तर बीएनएसएसचंच १७३(१) दाखवा, दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंद घ्यावी लागते. तरी नाही घेतली तर १७३(४) खाली एसपींना लेखी, मग मॅजिस्ट्रेट. टेंभू उपसा योजनेचं पाणी तालुक्यात आलं, आता अरबी समुद्रही येऊ द्या.

केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, पण ती न्यायालयातल्या चौकशी आणि खटल्यासाठी. जुन्या १८८ वर २०११ मध्ये थोटा वेंकटेश्वरलू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेईपर्यंत परवानगीची गरज नाही, खटला मात्र त्यापुढे परवानगीशिवाय सरकत नाही. तपास अडत नाही.

वकील_विटा
आणि बोसन फिलिपिनो असता तर?

कृष्णाकाठ
तर २०८ हातातून गेलं. मार खाणारा भारतीय असून उपयोग नाही. कलम मारणाऱ्याचं नागरिकत्व पाहतं किंवा जहाजाची नोंदणी. तेव्हा खरोखर पनामा नाहीतर फिलिपिन्स.

चीफमेट_निवृत्त
कलमांच्या आधी पुरावा. मुंद्र्यात उतरल्यावर सरकारी दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद आणि एक्स-रे त्याच दिवशी करून घ्या. (एमएलसी हे नाव सागरी कामगार करारालाही, म्हणजे मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनलाही आहे, घोटाळा करू नका.) हाड मोडलं असेल तर गंभीर दुखापत. नुसती सूज निघाली आणि हॅमरचा पुरावा नसला तर बीएनएस ११५(२), अदखलपात्र, हातात फक्त एनसी नोंद, एफआयआर नाही. दवाखान्यात 'पडलो' म्हणाला की संपलं. बहुतेक प्रकरणं इथंच मरतात, कारण बरोबरचा ऑफिसर खुणावतो आणि पोरगं घाबरतं.

जहाजावरून आत्ताच मागायचं ते असं: डेक लॉगमधल्या त्या दिवसाच्या पानाचा फोटो, घटनेची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) आणि अक्षांश-रेखांश, क्रू लिस्ट, तिच्यात बोसनचं नागरिकत्व असतं, रेडिओवरून डॉक्टरी सल्ला घेतला असेल तर तो ईमेल. कप्तानाकडे लेखी तक्रार देऊन प्रतीवर पोच घ्यावी. कुणीतरी व्हीडीआर (जहाजाचा ब्लॅक बॉक्स) मागा म्हणेल. तो ब्रिजवरचे आवाज टिपतो, डेकवरची मारामारी नाही. त्यातून जागा आणि वेळ पक्की होते, एवढाच फायदा. १ जुलै २०१४ नंतर बसवलेल्या यंत्रात ३० दिवसांची नोंद राहते, जुन्यात १२ तासांचीच. सीसीटीव्ही असेल तर तोही आपोआप पुसला जातो, म्हणून 'जपून ठेवा' असा ईमेल आजच मालकाला आणि मॅनेजर कंपनीला पाठवा.

कृष्णाकाठ
आता पगार. सांगली जिल्हा न्यायालयाला अधिकार नाही. २०१७ च्या ॲडमिरल्टी (सागरी दावे) कायद्यानं हा अधिकार किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना दिलाय, आणि तोही आपापल्या हद्दीच्या पाण्यापुरता. जहाज मुंद्र्याला म्हणजे गुजरात उच्च न्यायालय. तिथून निघून मुंबईला आलं तर मुंबई. खलाशाच्या पगाराचा बोजा थेट जहाजावर बसतो, कलम ९ नुसार प्राधान्यानं, आणि मालक बदलला तरी राहतो. मुदत, पगार देय झाल्यापासून दोन वर्षं.

पण अरेस्टचा, म्हणजे जहाज अडकवण्याचा, खर्च मोठा, त्याआधी सोपा रस्ता बघा. सागरी कामगार करार २००६ प्रमाणे किमान दोन महिन्यांचा पगार थकवून मालकानं पाठ फिरवली की ते 'वाऱ्यावर सोडणं' ठरतं. त्यासाठीच्या विम्याचं सर्टिफिकेट जहाजावर ठळक जागी लावलेलं असतं, बहुधा मेसरूमबाहेर. त्याचा फोटो काढायला सांगा: विमा कंपनीचं नाव, संपर्क, मुदत त्यावरच असते. थकलेला पगार चार महिन्यांपर्यंत आणि घरी परतण्याचा खर्च तिथून थेट मागता येतो. शेजारी दुखापतीचं दुसरं सर्टिफिकेट असतं. आजारपणातला पगार किमान १६ आठवडे, पण 'भांडण यानंच काढलं' हे मालकाचं ठरलेलं उत्तर येईल. म्हणून चीफमेटनी सांगितलेले कागद इथंही लागतात.

माणदेशी_७
चूक मान्य. नोकरी लावणाऱ्या एजंटचं काय?

कृष्णाकाठ
त्याच्याकडे डीजी शिपिंगचं (केंद्राचं जहाज महासंचालनालय) आरपीएसएल (खलाशी भरतीचं) लायसन्स आहे का ते तपासा. असेल तर तक्रार डीजी शिपिंगच्या कांजुरमार्ग (मुंबई) कार्यालयात. नोकरी लावायचे पैसे घेतले असतील तर ते सागरी कामगार करारात बसत नाही. मेडिकल, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), पासपोर्टचा खर्चच खलाशाचा. लायसन्स नसताना फसवून पैसे घेतले आणि व्यवहार विट्यात झाला, तर तो गुन्हाच भारतातला, परवानगीचा प्रश्नच नाही.

चीफमेट_निवृत्त
एक राहिलं. साइन-ऑफच्या (जहाज सोडण्याच्या) वेळी 'सर्व रक्कम मिळाली' असा छापील कागद पुढे येईल. सही नको. त्याशिवाय पासपोर्ट देत नसतील तर सहीशेजारी 'अंडर प्रोटेस्ट, तीन महिन्यांचा पगार येणे' असं (म्हणजे हरकत नोंदवून) इंग्रजीत हातानं लिहून तारीख टाकायची, आणि कागद परत देण्याआधी फोटो.