मदत हवी आहे: छोट्या रंगमंचावर श्रवणयंत्र लावून नाटक नीट ऐकायचं कसं?

आई ७४ वर्षांची, दोन्ही कानांना कानामागची डिजिटल यंत्रं. बालगंधर्वला माइक असतात, तिथे तिचं निभतं. पण तिला ओढ प्रायोगिक नाटकांची. त्यासाठी पुण्यातल्याच एका छोट्या रंगमंचावर आम्ही नेहमी जातो. शंभरेक खुर्च्या, माइक नाही, नट दहा फुटांवर. गेल्या रविवारी एका प्रवेशात नटी पाठमोरी बसून अगदी हळू बोलत होती. सगळे श्वास रोखून ऐकतायत आणि आई माझ्या मनगटावर बोट आपटून विचारतेय, "काय म्हणाली?" सांगावं तर शेजारच्यांचा रसभंग, न सांगावं तर तिचा प्रवेशच गेला. फार वाईट वाटतं.

पहिल्या रांगेत मधोमध बसून पाहिलं. समोर बघून बोललेलं कळतं, पाठमोरं नाही. यंत्राचा आवाज वाढवला की पंख्याची घरघर आणि मागच्यांचा खोकलाही वाढतो. यंत्रात टेलिकॉइल (माइकचा आवाज चुंबकीय संकेतातून थेट यंत्रात घेणारी छोटी गुंडाळी) आहे, पण त्यासाठी सभागृहात लूप, म्हणजे तो संकेत पाठवणारी तार, बसवलेली लागते, ती इथे नाही. ऑडिओलॉजिस्टकडे सेटिंग तपासून झालंय. नवीन यंत्रं सध्या परवडणार नाहीत.

आता यंत्राला ब्लूटूथने जोडणारा छोटा रिमोट माइक रंगमंचाच्या कडेला ठेवावा असं मनात आहे. नाटकवाल्यांची परवानगी घेऊच. कोणी नाटकाला असा माइक प्रत्यक्ष वापरलाय का? लाकडी फळ्यांवरच्या पावलांचा धपधप आवाज त्यात किती येतो, आणि पाठमोरा संवाद खरंच कळतो का?